शून्यसाहेब कॅलरी जाळतात

शून्यसाहेबांना कुणी खडूस म्हटलं तर ते मनावर घेत नसत. हेकट म्हटलं तर उलट ते कौतुक समजत. पण त्या दिवशी खात्याच्या डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा जास्तच भरलात हो." हे जे लागलं साहेबांना, ते लागलंच. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांची वजनं कमी भरतात म्हणून पकडली, त्याला तुमचंच जास्त भरतंय म्हणून सांगायचं म्हणजे काय!

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात फिरायचं, दुकानादुकानातले काटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर सील करायचे. काट्यावर काही ठेवण्याआधी ते खर्जात म्हणत, "शून्य दाखव." त्यामुळे बटाटेवाल्यापासून सोनारापर्यंत सगळा बाजार त्यांना शून्यसाहेब म्हणे. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं साहेब.

"तीन महिन्यांनी परत या," डॉक्टर म्हणाले. "आत्ता चौऱ्याऐंशी आहात, एकोणऐंशीच्या आत या. माझा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे हे मान्य, पण वर आल्यावर तुम्हाला स्वतःचं नाव सांगता येईना. असंच राहिलं तर मला तुमची फिरती बंद करावी लागेल. रेकॉर्ड रूममध्ये बसा मग."

रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिथे खिडकी नव्हती, आणि साहेबांनीच हाताला धरून शिकवलेला एक ज्युनिअर तिथला प्रमुख होऊन बसला होता. पण ते एक वेळ चालून गेलं असतं. फिरती जाणार, हे मात्र साहेबांना सोसवेना. सकाळी बाजारात पाऊल टाकलं की कोपऱ्यावरून निरोप पुढे पळे, गल्लीभर काटे पुसले जात, खुर्ची झटकली जाई, "या साहेब, बसा साहेब" सुरू होई. त्या बाजारावर साहेबांचं मनापासून प्रेम होतं. बाजाराचं त्यांच्यावर होतं की नाही, हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारला नव्हता.

घरी येऊन त्यांनी ही बातमी बायकोला सांगितली. सगळी बिल्डिंग या बाईंना वहिनी म्हणे, आपणही वहिनीच म्हणू. वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला.

"रेकॉर्ड रूम म्हणजे रोज पाचच्या ठोक्याला घरी?"

"हो."

"अहो, रविवारी घरी असता तेव्हा तुम्ही माझ्या डब्यातली साखर मोजता. रोज यायला लागलात तर मी कुठे जाऊ?"

म्हणजे वजन उतरवण्यावर घरात एकमत झालं. राहता राहिला उतरवायचं कसं हा प्रश्न, तर त्यासाठी वहिनींचा धाकटा भाऊ होताच. हा मेहुणा म्हणजे उंटावरचा शहाणा. व्यायामाची म्हणून बाजारात जेवढी साधनं आली तेवढी त्यानं घेतली होती आणि सगळ्यांवर कपडे वाळत घातले होते. स्वतःचं वजन शंभराच्या वर. पण सल्ला असा देई की ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे घाम फुटावा.

"भाऊजी, सर्किट ट्रेनिंग करा!" तो म्हणाला. "सोपं आहे. पाचसहा वेगवेगळे व्यायाम ओळीनं मांडायचे. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. सगळे झाले की एक फेरी पूर्ण. मग परत पहिल्यापासून."

साहेब क्षणभर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बाजारातल्या फिरतीसारखंच की! एका दुकानातलं काम झालं की पुढचं दुकान."

"अगदी तस्संच!" मेहुणा म्हणाला आणि तिथेच घात झाला. कारण बाजाराच्या फिरतीत एक दुकान आणि पुढचं दुकान यांच्यामध्ये काय काय असतं, ते मेहुण्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात सर्किट मांडलं गेलं. हॉलमध्ये खुर्चीवरून ऊठबस. पॅसेजमध्ये भिंतीला हात टेकून जोर. न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत दोन भरलेल्या बादल्या. गॅलरीत दोरीवरच्या उड्या. आणि शेवटी जिन्याचे दोन मजले चढउतार. साहेब खुर्चीवरून दहाबारा वेळा उठले, बसले, आणि बसल्यावर मग नीटच बसले. "चहा टाका," त्यांनी पॅसेजच्या दिशेनं सांगितलं. चहा झाला. मग भिंतीचे जोर काढले, आणि भिंतीला कुठे पोपडे आलेत ते निवांत तपासलं. मग खुर्ची पॅसेजमध्ये मागवली. पंखा तिकडे नव्हता म्हणून टेबलफॅनही मागवला. बाजारात प्रत्येक ठिकाणी खुर्ची, पंखा आणि चहा मिळतोच, त्याशिवाय फिरती होते हे साहेबांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बादल्या वहिनी भरत. सांडलेलं पाणी वहिनी पुसत. खुर्ची आणि पंखा पुढच्या मुक्कामाला वहिनी नेत, आणि साहेब दोन मजले उतरून परत येईपर्यंत दार उघडं धरून उभ्या राहत. अशी एक फेरी व्हायला अर्धा तास लागे. साहेब टॉवेलनं कोरडं कपाळ पुसत आणि म्हणत, "दमलो बुवा."

आता किती दमलो, हे मोजायला हवं. न मोजलेली गोष्ट साहेबांच्या लेखी घडलेलीच नसे. मेहुण्यानं मोठ्या मनानं आपलं मनगटी घड्याळ काढून दिलं. हे घड्याळ माणसानं किती कॅलरी जाळल्या ते सांगत असे. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि बिल्डिंगच्या खालीच बेकरी होती, तेव्हा वहिनींनी एक करार केला. दिवसभरात जेवढ्या कॅलरी जाळाल त्याच्या निम्म्या कॅलरींचा केक खायचा, एक कणही जास्त नाही. साहेब तर न्यायप्रिय माणूस. त्यांनी मान्य केलं.

पहिल्या दिवशी घड्याळानं सांगितलं, सहाशे दहा! केकचा एक घसघशीत तुकडा आला. दुसऱ्या दिवशी साहेब घड्याळ बांधूनच ऑफिसला गेले. त्या दिवशी बाजारात लोखंडी वजनांवर शिक्के मारायचं काम होतं. एका हातात शिक्क्याचा पंच, दुसऱ्या हातात हातोडी, दे दणादण. दुपारपर्यंत घड्याळानं त्यांचं तीनदा अभिनंदन केलं. साहेब धावतायत, अशी त्या बिचाऱ्याची समजूत झाली होती. शिवाय एका दुकानदाराशी साहेबांचा हातवारे करून कडाक्याचा वाद झाला, तेवढ्यात घड्याळाच्या हिशेबी ते दोनेक किलोमीटर पोहून आले. संध्याकाळी आकडा हजाराच्या वर गेला. वहिनींनी कपाळाला हात लावला, पण करार तो करार.

"व्यायामाचं असं असतं," साहेब दुसऱ्या तुकड्यावर हात मारत म्हणाले, "एकदा अंगात मुरला की मग आपण बसल्या बसल्यासुद्धा जाळत असतो."

महिना असा गोडीगुलाबीत गेला. मग एका सकाळी साहेब घरातल्या काट्यावर उभे राहिले आणि खाली उतरले. परत उभे राहिले. चष्मा पुसला. शेवटी ऑफिसातून प्रमाणित वजनं आणून घरचा काटा रीतसर तपासला. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. काटा धडधाकट होता. साहेब शहाऐंशी भरले होते.

शेजारच्या ब्लॉकमध्ये गणिताचे एक निवृत्त मास्तर राहत. माणूस एकटा, वेळ भरपूर, आणि कुणाची बेरीज चुकली की त्यांना तरतरी येई. काटा, वजनं आणि मधोमध मांडी घालून बसलेले साहेब असं दृश्य उघड्या दारातून दिसल्यावर मास्तर थोडेच घरी राहणार? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढली.

"हिशेब साधा आहे," मास्तर म्हणाले. "स्वस्थ बसलेला माणूस किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी जाळतो. सर्किट ट्रेनिंग जोरात केलं तर त्याच्या आठपट धरतात. तुमचं वजन गुणिले आठ गुणिले अर्धा तास. चौऱ्याऐंशी किलो धरले तर तीनशे छत्तीस. सहाशे येतीलच कुठून?"

"तीनशे छत्तीस तर तीनशे छत्तीस," साहेब म्हणाले. "म्हणजे अर्धा तुकडा."

"थांबा, झालं कुठं? व्यायाम न करता नुसते बसला असतात तरी बेचाळीस जळल्याच असत्या. त्या वजा, राहिल्या दोनशे चौऱ्याण्णव. आता सांगा, त्या अर्ध्या तासात तुमचे हातपाय हलत किती वेळ होते?"

साहेब प्रमाणित वजनं आवरायला लागले. उत्तर वहिनींनी दिलं. "दहा मिनिटं. तेही मन मोठं करून सांगतेय. बाकीचा वेळ चहा."

"मग त्याचा तिसरा हिस्सा, उरल्या अठ्ठ्याण्णव," मास्तर प्रसन्नपणे म्हणाले. "तेही अंदाजानं. यात दहावीस इकडेतिकडे होणारच. निम्म्याचा करार असेल तर साहेब, तुम्हाला एक बिस्कीट लागू आहे. अहो, त्या सर्किटात सगळा जीव आहे तो मध्ये न थांबण्यात. छातीचे ठोके वर गेले की खाली येऊ द्यायचे नाहीत. तुम्ही प्रत्येक स्टेशनावर मुक्काम करता."

"पण घड्याळ?" साहेब कळवळून म्हणाले.

मास्तरांनी घड्याळ हातात घेतलं, दोनचार ठिकाणी बोटं फिरवली. मग ते हळूच वहिनींना दाखवलं. घड्याळात वजनाच्या जागी मेहुण्याचं वजन होतं. उंची मेहुण्याची, वय मेहुण्याचं. महिनाभर साहेब मेहुण्याच्या कॅलरी जाळत होते आणि केक स्वतः खात होते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ज्या माणसानं बाजारात हजारो वेळा "आधी शून्य दाखव" म्हणून लोकांना वीट आणला, त्यानं स्वतःच्या मनगटावर न तपासलेलं यंत्र महिनाभर मिरवावं? साहेबांनी घड्याळ काढलं, एका पाकिटात घातलं, पाकिटाला लाख लावून सील केलं आणि मेहुण्याला परत पाठवलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. वहिनींना आधी हसू आलं होतं, पण ताट तसंच झाकलेलं बघून ते ओसरलं. हा माणूस तळघरात बसला तर वर्षभरात सुकून जाईल, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं.

"उद्यापासून खुर्ची नाही, पंखा नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी बादल्या भरून नुसती उभी राहणार नाही. मीही करणार."

"तुम्ही कशाला?"

"कशाला म्हणजे? महिनाभर सर्किट मीच केलंय. पंखा काय आपल्या पायांनी चालत जात होता?"

खरंच होतं ते. वहिनींचे कपडे सैल झाले होते आणि साहेबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आता लक्षात आलं, आणि साहेबांना स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली की ते कामाला लागत, हा त्यांचा एक चांगला गुण होता.

मग खरं सर्किट सुरू झालं. मास्तर हातात आपलं घड्याळ घेऊन "बदला!" म्हणून ओरडत. एकजण खुर्चीवर असे तेव्हा दुसरा भिंतीशी, एकजण बादल्यांशी तेव्हा दुसरा दोरीवर. पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीत साहेब जमिनीवर आडवे झाले आणि "माझी विमा पॉलिसी वरच्या खणात आहे" एवढंच बोलले. वहिनींनी त्यांना ओढून उभं केलं. आठवडाभरात दोन फेऱ्या जमल्या, पुढे तीन. साहेब थकून खुर्चीत टेकले की वहिनी पदर खोचून म्हणत, "उठा, दुकान बंद होईल," आणि साहेब हसत उठत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं मिळून रोज तासभर हसतायत असं यापूर्वी झालं नव्हतं.

पण चांगलं चाललेलं सोसायटीच्या सेक्रेटरींना बघवेल तर ना! खालच्या मजल्यावर ते स्वतःच राहत. दोरीच्या उड्यांनी त्यांच्या छताचा पोपडा त्यांच्याच आमटीत पडला, म्हणून ते नियमांचं पुस्तक घेऊन वर आले. उड्या बंद झाल्या. दोन दिवसांनी जिन्याबद्दल आले.

"जिना हा ये-जा करण्यासाठी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "व्यायामासाठी वापरायचा असेल तर अर्ज करा. अर्ज सभेपुढे ठेवू. सभा वर्षातून एकदा होते. यंदाची मागच्याच महिन्यात झाली."

साहेब सरकारी माणूस, नियमाला मान देणारा. ये-जा हवी ना, मग ये-जाच करू. ते बटाट्याची पिशवी हातात घेऊन खाली उतरत आणि तीच पिशवी घेऊन वर चढत. पाठोपाठ वहिनी कांद्याची पिशवी घेऊन. सेक्रेटरी दार किलकिलं करून बघत.

"साहेब, आज ही पाचव्यांदा बटाटे आणताय."

"घरात खाणारी माणसं आहेत," साहेब म्हणाले. आता ते दोन मजले चढून बोलू शकत होते, हे मात्र त्यांच्याही लक्षात आलं नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. सकाळी घरच्या काट्यावर साहेब एक्क्याऐंशी भरले. शहाऐंशीवरून एक्क्याऐंशी, पण डॉक्टरांना हवे होते एकोणऐंशी. दोन किलो!  वहिनींनी साहेबांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि वळून गॅस पुसायला लागल्या, जो आधीच स्वच्छ होता.

दवाखान्यात काटा नवा होता. जुना बिघडला म्हणून खात्यानं नुकताच पाठवलेला, बाजूला त्याचं खोकंही तसंच पडलेलं. साहेब बूट काढून, खिशातल्या किल्ल्या काढून, चष्मासुद्धा काढून वर चढले.

"साडेअठ्ठ्याहत्तर!" डॉक्टर म्हणाले. "अरे वा! अभिनंदन, साहेब. पास!" आणि त्यांनी पेन उघडलं.

साहेब काट्यावरून उतरलेच नाहीत. फिरती! बाजार! सगळं हातात आलं होतं, फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी डोळे मिटले. त्यांना बटाटेवाला दिसला, ज्याचा काटा त्यांनी दोनशे ग्रॅमच्या फरकासाठी भर बाजारात सील केला होता, आणि जो म्हणाला होता, "साहेब, चुकून झालं हो." साहेबांनी डोळे उघडले.

"डॉक्टर, हा काटा खोटा आहे."

"काय?"

"अडीच किलो कमी दाखवतोय. याच्यावर खात्याचा शिक्काही नाही. माझं वजन एक्क्याऐंशी आहे."

"अहो, तुम्ही पास झालायत!" डॉक्टर ओरडले. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय?"

"कमी भरतं म्हणून मी लोकांची दुकानं बंद केली आहेत," साहेब म्हणाले.  "स्वतःचं कमी भरल्यावर पेढे कसे वाटू?"

डॉक्टरांचा विश्वास बसेना. तेव्हा साहेब तरातरा खाली गेले. ऑफिसच्या गाडीत वीसवीस किलोची प्रमाणित वजनं होती. ड्रायव्हर चहाला गेला होता, शिपाई जागेवर नव्हता. साहेबांनी दोन हातांत दोन वजनं घेतली आणि तीन मजले चढून आणली. ठेवली, परत खाली गेले, उरलेली दोन आणली. मग एकेक वजन वाकून उचलून काट्यावर चढवलं. ऐंशी किलो ठेवले, काट्यानं साडेसत्त्याहत्तर दाखवले.

"बघा," साहेब म्हणाले. "ह्यावर तुम्ही आत्तापर्यंत कुणाकुणाला पास केलंत?"

डॉक्टर ओशाळले. "कालच बसवलाय हो. आत्तापर्यंत मी एकटाच उभा राहिलोय त्याच्यावर. बायकोला फोन करून आनंदाची बातमीसुद्धा दिली."

साहेबांनी रीतसर काट्याला सील ठोकलं, सही केली आणि मान खाली घालून म्हणाले, "लिहा आता, नापास."

डॉक्टर मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होते. "साहेब, जरा हात द्या." त्यांनी नाडी धरली, छातीला नळी लावली, पुन्हा नाडी बघितली. "तुम्ही आत्ता ऐंशी किलो लोखंड तिसऱ्या मजल्यावर आणलंत. आणल्यापासून तुमची बडबड सुरू आहे, आणि ती भरपूर आहे. एकदाही दम लागून थांबला नाहीत. गेल्या वेळी याच खोलीत तुम्हाला नाव सांगता येत नव्हतं!"

"पण वजन..."

"दोन किलो जाईल हो हळूहळू. एकोणऐंशी मी म्हटलं होतं, कायद्यात कुठे लिहिलंय? मला फक्त माणसाला फिरती झेपते का ते लिहायचंय." आणि त्यांनी लिहिलं, झेपते. साहेबांनी तो कागद घेतला, घडी घातली, आणि बूट घालायचे विसरून जिना उतरायला लागले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण सरकारी खात्यात चांगल्या कामाला शिक्षा होतेच. खात्याच्याच काट्याला खात्याच्याच माणसानं सील ठोकल्याची बातमी वर गेली. वरून हुकूम आला, सगळ्या सरकारी दवाखान्यांतले काटे तपासा. कोण तपासणार? ज्यानं सुरुवात केली तो. बाजाराची फिरती होतीच, त्यात आता दवाखाने आले आणि प्रत्येक दवाखाना कुठल्यातरी वरच्याच मजल्यावर. संध्याकाळी साहेब घरी आले ते छाती फुगवून.

"फिरती वाचली," ते म्हणाले. "वाढली! आता रात्री आठच्या आत घरी येणं नाही. खूश ना?"

 वहिनींनी संध्याकाळच्या सर्किटसाठी खुर्ची हॉलच्या मधोमध आणून ठेवली होती, ती उचलून परत टेबलाशी सारली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "तुम्हालाच तर नको होतो ना मी पाचला घरी?"

"नकोच होतात," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याचा रागही आला. "मेली सवय लागली आता. मी एकटी कुणाबरोबर करू?"

साहेब उभेच राहिले.  मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खर्जात म्हणाले, "सकाळी साडेपाच?"

"पाच," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "साडेपाचला सेक्रेटरी उठतात."